लोकप्रिय कादंबरीचा दर्जा खरंच घसरला का, हे तपासायचं कसं

हल्लीच्या खपाऊ कादंबऱ्यांत दम उरला नाही, असं म्हणणाऱ्याच्या मनात जुन्या काळातली निवडक आठ-दहा पुस्तकं असतात आणि समोर असतो तो यंदा छापलेला सगळा ढीग. जुनी पुस्तकं पाखडून उरलेली आहेत, नवा ढीग अजून सुपातच आहे. अशी तुलना केली तर खडे नव्यातच सापडणार. तरीही प्रश्न खोटा नाही. सहा वाचक आणि सगळ्यांचे मिळून दोनशे तास हाताशी असतील तर तो नीट तपासता येतो. अट एकच: जुन्याला आणि नव्याला एकच सूप लावायचं.

१९२५ साल घ्या. त्या वर्षाची अमेरिकी कादंबरी म्हटलं की आज ‘द ग्रेट गॅट्सबी’ आठवते. पण ‘पब्लिशर्स वीकली’ या अमेरिकी पुस्तकव्यवसायाच्या साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या पहिल्या दहा खपाऊ कादंबऱ्यांत ती नव्हतीच. पहिल्या क्रमांकावर होती ए. हॅमिल्टन गिब्ज यांची ‘साउंडिंग्ज’, जी आज क्वचितच कुणी उघडतं. त्याच यादीत सिंक्लेअर लुइस यांची ‘अ‍ॅरोस्मिथ’ही होती. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर जाहीर झालं आणि लुइस यांनी ते नाकारलं. म्हणजे १९२५ची लोकप्रिय कादंबरी अशी आजच्यासारखीच सरमिसळ होती. शिवाय टिकून राहणं हे केवळ गुणांवर ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना मोफत वाटलेल्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांत ‘गॅट्सबी’च्या दीड लाखाच्या आसपास प्रती होत्या. पुढच्या काळात ती नव्याने वाचली जाऊ लागली, त्यामागे हेही एक कारण होतं.

आधी विधान आवळा

‘दर्जा घसरला’ हे वाक्य आहे तसं तपासता येत नाही. त्यात तीन जागा भरा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या प्रकारच्या कादंबरीत, आणि नेमकं काय घसरलं. भाषा, संवाद, कथानकाची बांधणी, पात्रं, संपादन या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र हलतीलच असं नाही. एखाद्या काळात संवाद सुधारतात आणि शेवट बिघडतात. पाचांचा मिळून एक आकडा काढलात तर हे दिसणारच नाही.

तक्रारीचं वयही लक्षात घ्या. वर्ड्‌स्वर्थने १८०० साली आपल्या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत तेव्हाच्या भडक कादंबऱ्यांबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. इंग्रज समीक्षक क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३२मध्ये याच विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. यावरून काही जण लगेच निकाल देतात की ही रड कायमचीच आहे, म्हणून खोटी. तेही चूक. तक्रार जुनी आहे एवढ्याने ती खोटी ठरत नाही. ती प्रत्येक वेळी वेगळी तपासावी लागते.

यादी: इथेच बहुतेक जण चुकतात

पुस्तकं आठवणीतून निवडायची नाहीत. त्या त्या काळात जे खपलं त्याची त्याच काळात केलेली नोंद लागते. इंग्रजीत अशा याद्या १८९५पासून आहेत. त्या वर्षी ‘द बुकमन’ या अमेरिकी मासिकाने त्या छापायला सुरुवात केली. पुढे ‘पब्लिशर्स वीकली’च्या वार्षिक याद्या आल्या, तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची यादी १९३१पासूनची. ज्या भाषेत अशी सलग यादी हाताशी नाही तिथे दोन आधार आहेत. एक, जुन्या ग्रंथालयांच्या देवघेव विभागातल्या नोंदी, म्हणजे कोणतं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं. दुसरा, पुस्तकाच्या श्रेयपानावरच्या आवृत्त्यांच्या तारखा. मात्र आवृत्ती म्हणजे खप नव्हे. एक आवृत्ती पाचशे प्रतींची असू शकते, दुसरी पाच हजारांची. ‘सातवी आवृत्ती’ वाचून भुलू नका. प्रतींचा आकडा छापलेला असेल तर तो घ्या, नसेल तर दोन आवृत्त्यांमधलं अंतर पाहा.

एकाच वर्षावर भिस्त ठेवू नका. सलग तीन वर्षं जोडून एक गट करा: १९२४–२६, १९४९–५१, १९७४–७६, १९९९–२००१ आणि पाचवा अगदी अलीकडचा. वर्षाला दहा म्हणजे गटाला तीस पुस्तकं. तेच पुस्तक दोन वर्षं यादीत असेल तर एकदाच धरा. मग चिठ्ठ्या टाकून प्रत्येक गटातून पाच उचला. चिठ्ठीत निघालेलं पुस्तक मिळत नसेल तर ते सोडून देण्याआधी खरोखर शोधा. न मिळणारं पुस्तक बहुधा विसरलं गेलेलं असतं. तेच वगळलं की आपण पुन्हा पाखडलेलं धान्य घेऊन बसतो.

यादीतही खाचखळगे आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०००मध्ये मुलांच्या पुस्तकांची यादी वेगळी काढली. त्यामुळे त्या आधीच्या आणि नंतरच्या मुख्य याद्या एकाच मापाच्या राहिल्या नाहीत. यावर उपाय सोपा: सर्व गटांतून मुलांची पुस्तकं काढून टाका, नाहीतर सर्वांत ठेवा. ‘पब्लिशर्स वीकली’च्या वार्षिक याद्या मुख्यतः पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकांच्या. इंग्लंडात पेंग्विनची सहा पेनीची पुस्तकं १९३५मध्ये आली आणि अमेरिकेत पॉकेट बुक्सची पंचवीस सेंटची १९३९मध्ये. त्यानंतर स्वस्त कागदी बांधणीत वाचलं जाणारं रहस्य, थरार, प्रणय यांतलं बरंच काही या यादीत येतच नाही. आपली तपासणी पुठ्ठाबांधणीची आहे की सर्व लोकप्रिय वाचनाची, हे आधीच ठरवून लिहून ठेवा.

आणखी एक जागा जपायची. २००७मध्ये किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आलं आणि लेखकाने स्वतःच पुस्तक विक्रीला ठेवणं फार सोपं झालं. पूर्वी जे हस्तलिखित ‘साभार परत’ येऊन टेबलाच्या खणात पडायचं ते आता वाचकासमोर येतं. त्या पुस्तकांची तुलना जुन्या छापील पुस्तकांशी करू नये, जुन्या खणांशी करावी, आणि ते खण आपल्याकडे नाहीत. म्हणून ज्या पुस्तकांवर प्रकाशकाच्या संपादकाची नजर फिरली आहे तेवढीच दोन्हीकडे घ्या.

मजकूर मिळवणं

पहिली आवृत्ती किंवा तिच्या सर्वांत जवळची घ्या. नंतरच्या आवृत्त्यांत लेखक दुरुस्त्या करतो, प्रकाशक काटछाट करतो. संक्षिप्त आवृत्ती तर अजिबात नको. भाषांतर घेणार असाल तर ते मूळ पुस्तकाच्याच काळातलं असावं. १९२५ची कादंबरी अलीकडच्या भाषांतरात वाचलीत तर गुण मिळतील ते भाषांतरकाराला.

स्कॅन करून संगणकाने ओळखलेला मजकूर वापरत असाल तर मोजण्याआधी तो छापील पानाशी ताडून पाहा. हजार शब्दांत वीस चुका वाचताना खटकणार नाहीत, पण शब्दसंपत्ती मोजताना प्रत्येक चुकलेला शब्द ‘नवा शब्द’ म्हणून जमा होतो आणि जुनं पुस्तक उगाच श्रीमंत दिसतं. मराठीत याच जातीची एक अडचण शुद्धलेखनाची आहे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२मध्ये लागू झाले आणि ‘केलें’, ‘जें’, ‘नाहीं’ यांवरचे अनुस्वार गेले. त्या आधीचा मजकूर नव्या लेखनात आणल्याशिवाय तो मोजू नका आणि वाचकापुढेही ठेवू नका. अनुस्वार दिसला की वाचक सावरून बसतो, ‘हे जुनं, म्हणजे चांगलं’.

उतारे आणि आंधळं वाचन

प्रत्येक पुस्तकातून हजार-हजार शब्दांचे तीन उतारे काढा. पहिलं प्रकरण घेऊ नका, कारण लेखक आणि संपादक सर्वांत जास्त हात त्यावरूनच फिरवतात. पुस्तकाचा पहिला एकपंचमांश भाग संपतो तिथून एक, बरोबर मध्यातून दुसरा, शेवटचा एकपंचमांश भाग सुरू होतो तिथून तिसरा. नेमकं पान पुस्तकाच्या पृष्ठसंख्येवरून काढा आणि तिथल्या पहिल्या पूर्ण परिच्छेदापासून सुरू करा. ‘इथे जरा कंटाळवाणं आहे, पुढचं पान घेऊ’ असं करायचं नाही. तो कंटाळाच आपल्याला मोजायचा आहे.

सगळे उतारे एकाच टंकात आणि एकाच आकारात छापा. पात्रांची नावं बदला. घोडागाडी, तार, मोबाइल असे काळ सांगणारे शब्द शक्य तिथे ‘वाहन’, ‘निरोप’, ‘फोन’ असे सपाट करा. याने उताऱ्याचा थोडा रंग जातो, पण दोन्ही काळांचा सारखाच जातो. प्रत्येक उताऱ्याला एक क्रमांक द्या आणि क्रमांकांची किल्ली, म्हणजे कोणता क्रमांक कोणत्या पुस्तकाचा ही नोंद, अशा माणसाकडे ठेवा जो गुण देणार नाही. उतारा कुठला हे वाचकाला कळू न देणं, हेच आंधळं वाचन.

हिशेब असा: पाच गट, गटाला पाच पुस्तकं, पुस्तकाला तीन उतारे, म्हणजे ७५ उतारे. प्रत्येक उतारा तिघांनी वाचायचा, म्हणजे २२५ वाचनं. वाचायला आणि गुण द्यायला मिळून दहा मिनिटं धरली तर साडेसदतीस तास. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी सव्वासहा तास. एका बैठकीत आठांहून जास्त उतारे देऊ नका. थकलेला वाचक सगळ्यांनाच तीन गुण देऊ लागतो. क्रम प्रत्येकासाठी वेगळा पिसा, नाहीतर शेवटी येणाऱ्या उताऱ्यांवर कायम अन्याय होतो.

वाचक निवडताना वयं मिसळा. माणसाला पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचलेली पुस्तकं पुढे जन्मभर मोठी वाटतात. सगळे वाचक एकाच पिढीचे असतील तर मोजली जाईल ती त्यांची तरुणाई.

गुण कशाला द्यायचे

‘उतारा किती चांगला? १ ते ५’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. मोजता येईल असं काही विचारा.

तयार शब्दप्रयोग मोजा. ‘काळजाचा ठोका चुकला’, ‘पायाखालची जमीन सरकली’, ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’, ‘विजेचा धक्का बसावा तसा’: लेखकाने स्वतः न घडवलेला, आयता उचललेला प्रयोग दिसला की खूण करा आणि दर हजार शब्दांत किती आले ते लिहा. इथे एक न्याय करावा लागतो. आज गुळगुळीत झालेला प्रयोग त्या काळी ताजा असू शकतो, कदाचित याच लेखकाने तो रूढ केला असेल. म्हणून खूण केलेले प्रयोग किल्ली सांभाळणाऱ्याने त्याच काळातल्या आणखी दोन-तीन पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत शोधावेत. तिथे सर्रास सापडले तरच दोष धरावा. काम किचकट आहे, पण हे टाळलं तर जुन्या पुस्तकांवर अन्याय होतो आणि निकाल नव्यांच्या बाजूला झुकतो.

गाळता येण्याजोगा मजकूर मोजा. अर्थ, भाव किंवा लय न बिघडता जी वाक्यं काढता येतील त्यांवर पेन्सिलीने रेघ मारा आणि त्यांच्या शब्दांची टक्केवारी काढा. संपादन ढिलं झालं, ही तक्रार तपासायचा याहून सरळ मार्ग नाही. मात्र फुगवट्याचं कारण शोधताना बाजार विसरू नका. व्हिक्टोरियन काळातली तीन खंडी कादंबरी मुडी यांच्यासारख्या वर्गणीच्या ग्रंथालयांना सोयीची होती. संचाची किंमत साडेएकतीस शिलिंग आणि तीन खंड तीन वाचकांना एकाच वेळी देता यायचे. लेखकाला तीन खंड भरावेच लागत. १८९४मध्ये मोठ्या ग्रंथालयांनी त्या किमतीला पाठ फिरवली आणि काही वर्षांतच हा आकार संपला.

संवादांसाठी वेगळी कसोटी. दोन प्रमुख पात्रांची वीस वाक्यं चिठ्ठीने निवडा, ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ काढून टाका, आणि पुस्तकाचा चतुर्थांश भाग वाचलेल्या माणसाला बोलणारा ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने सरासरी दहा बरोबर येतील. पंधरा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता निव्वळ अंदाजात शंभरात दोनच असते, म्हणून पंधरा आले की दोघांचे आवाज खरोखर वेगळे आहेत असं माना. विषयावरूनच ओळखू येतील अशी वाक्यं (‘माझ्या दवाखान्यात…’) वगळा.

जुन्या पुस्तकांतली जात, वंश, बाई याबद्दलची मतं आज संताप आणतात, आणि तो संताप गद्याच्या गुणांत झिरपतो. त्यासाठी कागदावर निराळा रकाना ठेवा. राग तिथे नोंदवायची सोय असली की वाचक बाकीचे गुण अधिक सरळ मनाने देतो.

खरी परीक्षा सुरू होण्याआधी दहा उताऱ्यांवर सराव करा. एखाद्या प्रश्नावर दोन वाचकांची उत्तरं वारंवार फार लांब जात असतील तर दोष वाचकांचा नाही, प्रश्न धूसर आहे. तो पुन्हा लिहा.

यंत्राने मोजायचे आकडे आणि त्यांची फसवणूक

वाक्यांची लांबी हा सर्वांचा आवडता पुरावा. इंग्रजी कादंबरीतलं वाक्य गेल्या दोन शतकांत आखूड झालं हे खरं आहे, पण त्यातून दर्जा कळत नाही. रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८चं वाचनसुलभतेचं सूत्र पाहा: २०६.८३५ मधून सरासरी वाक्यलांबीची १.०१५ पट आणि दर शब्दामागच्या उच्चारावयवांची (सिलेबल्सची) ८४.६ पट वजा करायची. शब्दामागे १.४ अवयव आणि वाक्यात २५ शब्द असतील तर उत्तर ६३ येतं. त्याच मजकुरातले अर्धविराम काढून पूर्णविराम दिले आणि वाक्य १५ शब्दांवर आणलं की ते ७३ होतं. एकही शब्द न बदलता मजकूर दहा गुणांनी ‘सोपा’ झाला. हे सूत्र इंग्रजीसाठी बेतलेलं आहे, मराठीला ते लावूच नये.

वाक्यलांबी मोजायचीच असेल तर संवाद बाजूला काढून फक्त निवेदनाची मोजा. संवाद वाढले की सरासरी आपोआप खाली येते, आणि वाढलेले संवाद म्हणजे घसरण नव्हे.

शब्दसंपत्ती मोजताना वेगळ्या शब्दांना एकूण शब्दांनी भागतात. मजकूर जितका लांब तितकं हे गुणोत्तर कमी, कारण तेच शब्द परत येत राहतात. म्हणून सगळीकडे बरोबर हजार शब्दांचे तुकडे घ्या. मराठीत ‘घर, घरात, घराला, घरासमोर, घरापासून’ यंत्राला पाच वेगळे शब्द वाटतात. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं सोडवून मूळ शब्दावर आणल्याशिवाय हा आकडा विश्वासाचा नाही, आणि कोणत्याही परिस्थितीत मराठीचा आकडा इंग्रजीशेजारी ठेवू नये.

गूगलच्या पुस्तकसंग्रहावरचे शब्दवापराचे आलेख या कामाचे नाहीत. तिथे दहा प्रती खपलेलं आणि दहा लाख प्रती खपलेलं पुस्तक एकेकदाच मोजलं जातं. लोकप्रियता त्यात कुठेच नाही.

आख्खं पुस्तक

कथानक उताऱ्यावरून कळत नाही. प्रत्येक गटातली दोन पुस्तकं, म्हणजे एकूण दहा, प्रत्येकी दोघांनी संपूर्ण वाचायची. नव्वद हजार शब्दांना मिनिटाला दोनशेच्या गतीने साडेसात तास लागतात, म्हणजे एकूण दीडशे तास. दोनशेपैकी मोठा वाटा इथेच जातो, आणि हे वाचन आंधळं राहत नाही हेही मान्य करावं लागतं.

वाचताना योगायोग मोजा. नायकाला संकटात टाकणारा योगायोग वाचक माफ करतो, संकटातून सोडवणारा नाही. म्हणून दोन वेगळे रकाने करा, आणि दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे पानाचा आकडा लिहा. शेवटच्या चतुर्थांशात या नोंदी दाटल्या असतील तर बांधणी कच्ची आहे. दुय्यम पात्रांपैकी कितींना नायकाच्या कामापलीकडे स्वतःची काही इच्छा आहे, तेही मोजा. मालिकेतलं पुस्तक असेल तर प्रश्न अर्धवट सोडणं हा दोष धरायचा की नाही हे आधी ठरवा. जुन्या काळातल्या क्रमशः छापलेल्या कादंबऱ्यांनाही तोच नियम लावा.

फरक खरा की चिठ्ठीचा खेळ

प्रत्येक पुस्तकाच्या तीन उताऱ्यांचा मिळून एक आकडा करा. एका गटातले १५ उतारे म्हणजे १५ स्वतंत्र पुरावे नव्हेत, पुस्तकं पाचच आहेत. मग सर्वांत जुना आणि सर्वांत नवा गट समोर ठेवा. दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, पाच-पाच वाटा आणि दोन सरासऱ्यांतला फरक नोंदवा. दहांतून पाच निवडायचे प्रकार २५२ आहेत. संगणकावर ते सगळे तपासता येतात, हाताने शंभर वेळा केलं तरी चालतं. ‘नवं खाली’ या दिशेने खऱ्या वाटणीइतका किंवा त्याहून मोठा फरक शंभरात पाचांहून जास्त वेळा आला, तर तो फरक चिठ्ठीचा समजा. पाच पुस्तकांत फक्त ठळक घसरण दिसेल, बारीक नाही. बारीक शोधायची असेल तर पुस्तकं वाढवा. उतारे वाढवून उपयोग नाही.

आणि मधले तीन गट पाहा. पहिल्यापेक्षा पाचवा खाली आहे, पण तिसरा सर्वांत वर असेल तर त्याला घसरण म्हणता येत नाही, ते चढउतार आहेत. कोणताही एक गट काढून टाकल्यावर निकाल उलटा होत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

निष्कर्ष एका वाक्यात मांडा आणि त्यात आधी भरलेल्या तीनही जागा येऊ द्या: ‘या दोन कालखंडांतल्या, पुठ्ठाबांधणीत खपलेल्या प्रौढांच्या कादंबऱ्यांत गाळता येण्याजोग्या मजकुराचं प्रमाण वाढलं, संवादांत फरक आढळला नाही.’ सोबत पुस्तकांची पूर्ण यादी, न मिळालेल्या पुस्तकांची नावं, उताऱ्यांची पानं, प्रश्नपत्रिका आणि प्रत्येक वाचकाचे मूळ गुण जोडा. मतभेद असणाऱ्याला त्याच उताऱ्यांवर स्वतःचे सहा वाचक बसवता आले पाहिजेत.